पॅटर्न म्हणजे निदान नव्हे: भरती पेशंटमधला आयएलडी (इंटरस्टिशियल लंग डिसीज) पायरीपायरीने कसा ओळखावा

एचआरसीटीच्या (फुप्फुसाच्या पातळ कापांच्या सीटी स्कॅनच्या) रिपोर्टखाली 'यूआयपी पॅटर्न' अशी ओळ आली की केसपेपरवर लगोलग 'आयपीएफ' लिहिलं जातं. पुढच्या राउंडला तेच नाव सगळे म्हणू लागतात, डिस्चार्ज कार्डावरही तेच छापलं जातं आणि मग ते पुसायला कुणी धजत नाही. यूआयपी (यूज्वल इंटरस्टिशियल न्यूमोनिया) हे फुप्फुसात दिसणाऱ्या खुणांच्या मांडणीचं वर्णन आहे, तर आयपीएफ (इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजे कारण न सापडता फुप्फुस व्रणांनी कडक होणं) हा आजार आहे. तीच मांडणी ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दिसते, जुन्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये (एचपी, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या बुरशी, पक्ष्यांची धूळ अशा गोष्टींच्या ॲलर्जीने येणारी फुप्फुसाची सूज) दिसते आणि ॲस्बेस्टॉसिसमध्येही दिसते. या प्रत्येकाचे उपचार वेगळे आहेत. आयपीएफमध्ये प्रेडनिसोन, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र दिल्याने मृत्यू आणि भरती होण्याचं प्रमाण वाढतं, हे २०१२च्या पँथर चाचणीत स्पष्ट झालं. उलट संधिवाताशी निगडित आजारात किंवा सूज जास्त असलेल्या एचपीत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंच कामी येतात. त्यामुळे नाव चुकलं की औषधही चुकतं.

हा लेख वॉर्डात काम करणारे निवासी डॉक्टर, फॅमिली डॉक्टर आणि आपल्या माणसाचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले नातेवाईक या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. औषधांच्या डोसमध्ये मी शिरणार नाही. निदानापर्यंत कसं पोहोचायचं, एवढाच विषय आहे.

आधी नकाशा

इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे फुप्फुसातल्या वायुकोशांच्या भिंतींना सूज किंवा व्रण आणणारे आजार. या एका छत्रीखाली २००हून अधिक आजार येतात. ते पाठ करण्यात अर्थ नाही, पाच खोके डोक्यात ठेवले तरी काम भागतं. पहिल्या खोक्यात कारण माहीत असलेले आजार: बुरशी, पक्षी, धूळ, औषधं, रेडिएशन. दुसऱ्यात संधिवात, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस, शोग्रेन यांसारख्या ऑटोइम्यून आजारांचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणाऱ्या) फुप्फुसावरचा परिणाम, ज्याला पुढे 'संधिवातजन्य' म्हटलं आहे. तिसऱ्यात सारकॉइडोसिस, म्हणजे फुप्फुसात आणि ग्रंथींमध्ये बारीक सुजेच्या गाठी आणणारा आजार. चौथ्यात कारण न सापडणारे, म्हणजे आयपीएफ, इडिओपॅथिक एनएसआयपी (नॉनस्पेसिफिक इंटरस्टिशियल न्यूमोनिया), क्रिप्टोजेनिक ऑर्गनायझिंग न्यूमोनिया वगैरे. पाचव्यात विरळ मंडळी: लॅम, लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस, अल्व्हिओलर प्रोटिनोसिस.

चौथ्या खोक्याचं झाकण सगळ्यात शेवटी उघडायचं. 'इडिओपॅथिक' लिहिण्याचा हक्क आधीचे खोके नीट तपासल्यावरच मिळतो.

कुठल्या खोक्यात किती पेशंट सापडतील, हे ठिकाणानुसार बदलतं. पाश्चात्त्य देशांतल्या अनेक नोंदींमध्ये आयपीएफ आणि सारकॉइडोसिस वरच्या क्रमांकावर असतात. भारतातल्या २७ केंद्रांमधल्या १,०८४ पेशंटची नोंदवही २०१७ साली प्रसिद्ध झाली, त्यात एचपी ४७.३ टक्के, संधिवातजन्य १३.९ टक्के आणि आयपीएफ १३.७ टक्के होते. हा फरक हवामान, घरं, सवयी यांमुळे पडतो, तसाच प्रश्न किती खोदून विचारले यामुळेही पडतो. शिवाय रुग्णालयातली आकडेवारी मुळातच तिरकी असते. सौम्य आजाराचे लोक भरती होत नाहीत आणि ज्या विभागात संधिवाताचा दवाखाना शेजारीच आहे तिथे संधिवातजन्य आयएलडी जास्त सापडतो. आपल्या वॉर्डात काय जास्त दिसतं यावरून पुढच्या पेशंटचं नाव ठरवायचा मोह म्हणूनच टाळावा.

पायरी १: पेशंट कुठल्या दारातून आला?

आयएलडीचा पेशंट रुग्णालयात साधारण तीन दारांनी येतो. पहिला महिनोन्महिने वाढत गेलेली धाप आणि कोरडा खोकला घेऊन तपासणीसाठी येतो. इथे वेळ असतो, तो वापरावा. दुसरा काही दिवसांत किंवा आठवड्यांत बिघडलेला, ऑक्सिजनवर असलेला. याची वाट वेगळी आहे, तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे. तिसरा भलत्याच कारणासाठी भरती झालेला असतो, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी किंवा पोटाच्या सीटीसाठी, आणि फुप्फुसाच्या तळाशी काहीतरी दिसतं.

तिसऱ्या दाराने आलेल्यांना घाईने 'आयएलडी' म्हणू नये. लक्षणं नाहीत, शंका नव्हती आणि फुप्फुसाच्या एखाद्या भागाचा किमान ५ टक्के हिस्सा बदललेला दिसतोय, तर त्याला इंटरस्टिशियल लंग ॲबनॉर्मॅलिटी म्हणतात. त्यातल्या काहींचा आजार पुढे सरकतो, बऱ्याच जणांचा सरकत नाही. फुप्फुसाची कार्यतपासणी करावी, जोखमीचे घटक पाहावेत आणि ठरावीक काळाने पुन्हा बोलवावं. 'थोडं वयामुळे आहे' म्हणून कागद बाजूला सारणं जितकं चुकीचं, तितकंच 'फुप्फुसं खराब होतायत' असं सांगून पेशंटची झोप उडवणंही चुकीचं.

पायरी २: हा खरंच आयएलडी आहे का?

एक्सरेवर दोन्ही बाजूंना जाळी दिसली की चार गोष्टी आधी बाजूला काढाव्यात: हृदयाचा दोष, संसर्ग, कर्करोगाचा लसिकावाहिन्यांतून झालेला फैलाव आणि केवळ झोपून राहिल्यामुळे आलेली तळाची धूसरता.

हार्ट फेल्युअरमध्ये सेप्टल रेषा (फुप्फुसाच्या छोट्या खणांमधल्या भिंती) जाड होतात, पण त्या गुळगुळीत असतात, सोबत बहुधा दोन्ही बाजूंना पाणी असतं आणि हृदयाचा आकार वाढलेला असतो. बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) आणि इको मागवावेत. शंका राहिली तर लघवीची औषधं देऊन काही दिवसांनी सीटी पुन्हा काढावा, अर्धं चित्र विरघळलेलं दिसेल. लसिकावाहिन्यांतून पसरलेल्या कर्करोगात रेषा गाठीगाठींच्या होतात, पण फुप्फुसाची मूळ रचना मोडत नाही. फायब्रोसिसमध्ये ती ओढली जाते, वाकते.

क्षयरोग जिथे जास्त आहे तिथे उलट गडबड होते. थुंकीत काही सापडलेलं नसताना, केवळ एक्सरेवरच्या सावल्यांवर सहा महिने क्षयाची औषधं घेऊन आलेले आयएलडीचे पेशंट विरळा नाहीत. थुंकीची मॉलिक्युलर चाचणी नकारात्मक, ताप नाही, वजन फारसं घटलेलं नाही, सावल्या दोन्ही तळांशी सारख्याच आणि औषधांनी काडीचा फरक नाही, असं असेल तर पुन्हा मुळापासून विचार करावा. उलट बाजूही विसरू नये. सिलिकोसिसच्या पेशंटला क्षयाचा धोका वाढलेला असतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असणं अगदी शक्य आहे.

साधा एक्सरे अगदी नॉर्मल असला तरी आयएलडी नाही असं म्हणता येत नाही. तळाशी चरचर ऐकू येतेय आणि चालल्यावर सॅच्युरेशन पडतंय, तर एक्सरेचा रिपोर्ट बाजूला ठेवून एचआरसीटी करावा.

पायरी ३: प्रश्न विचारणं

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत सर्वाधिक उत्तरं इथे मिळतात आणि सर्वांत कमी वेळ इथेच दिला जातो. 'एक्सपोजर: निल' असे दोन शब्द केसपेपरवर दिसले की समजावं, प्रश्न नीट विचारला गेलेला नाही.

वॉर्डात हमखास होणारा संवाद असा असतो:

"काकू, घरात पक्षी पाळलेत का?"

"छे हो डॉक्टर, मला नाही आवडत."

केसपेपरवर 'नाही' लिहून पुढे जायचं, की आणखी एक प्रश्न विचारायचा?

"बरं, खिडकीत, गच्चीत कबुतरं येतात का? घाण कोण साफ करतं?"

"अहो, एसीच्या मागे त्यांनी घरटंच केलंय. रोज सकाळी मीच झाडते. वाळलेलं असतं ना, धूळ उडते नुसती."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरंच होतं. चुकलेला होता तो प्रश्न. म्हणून 'पाळीव' हा शब्द वापरूच नका. पेशंट दिवसभर कुठे बसतो, कुठे झोपतो, काय झाडतो, काय हाताळतो, हे विचारा. भिंतीवर ओल, काळी बुरशी आहे का? कूलर किंवा ह्युमिडिफायरचं पाणी कधी बदललं जातं? उशी-दुलई पिसांची आहे का? धान्य, गवत, भुसा, कंपोस्ट यांच्याशी संबंध येतो का? धातू कापताना वापरलं जाणारं द्रव हाताळतात का? भारतीय नोंदवहीतल्या एचपीच्या जवळपास निम्म्या पेशंटमध्ये एअर कूलरचा संपर्क नोंदवला गेला होता, आणि कूलरचा उल्लेख कुणी आपणहून करत नाही.

मग कामाचा इतिहास, आणि तो केवळ सध्याच्या नोकरीचा नव्हे तर पहिल्या कमाईपासूनचा. दगडखाण, दगड घडवणं, सँडब्लास्टिंग, फाउंड्री म्हटलं की सिलिका. जुनी जहाजं, बॉयलरचं इन्सुलेशन, सिमेंटचे पत्रे म्हटलं की ॲस्बेस्टॉस, ज्याचा परिणाम बहुधा १५-२० वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. निवृत्त माणसाला 'काय करता?' असं विचारलं तर 'घरीच असतो' हेच उत्तर येणार. कठीण धातूंची अवजारं बनवणाऱ्यांमध्ये कोबाल्टचा आजार आणि बेरिलियम हाताळणाऱ्यांमध्ये सारकॉइडोसिसचा हुबेहूब तोतया असू शकतो.

औषधांसाठी पेशंटला घरून सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगावी. तोंडी यादीत महत्त्वाचं औषध गळतं. अमिओडारोन, लघवीच्या संसर्गासाठी महिनोन्महिने चालू असलेलं नायट्रोफ्युरँटोइन, मेथोट्रेक्सेट, ब्लिओमायसिन आणि अलीकडची कर्करोगावरची चेकपॉइंट इनहिबिटर्स ही नेहमीची नावं. मेथोट्रेक्सेटवर मात्र उगाच खापर फोडू नये. त्याच्यामुळे अचानक उद्भवणारा न्यूमोनायटिस खरा, पण संधिवाताच्या पेशंटमधल्या हळूहळू वाढणाऱ्या फायब्रोसिसचं कारण बहुतेक वेळा संधिवात हेच असतं, आणि औषध बंद केल्याने सांधे तेवढे बिघडतात.

संधिवाताची लक्षणं फुप्फुसाच्या पेशंटला असंबद्ध वाटतात, त्यामुळे तो सांगत नाही. थंड पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात का? सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात? कोरडं खाताना घोटभर पाणी लागतं का, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं का? खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो का? गिळायला त्रास होतो का?

धूम्रपान आणि वय यांचं वजन मोठं आहे. साठीपुढचा, बिडी-सिगारेट ओढलेला पुरुष म्हटलं की आयपीएफची शक्यता वाढते. पन्नाशीच्या आतल्या बाईला फायब्रोसिस असेल तर ऑटोइम्यून आजार कसून शोधावा. सिगारेट ओढणाऱ्या तरुणात वरच्या भागात सिस्ट आणि गाठी दिसल्या तर लँगरहान्स, आणि न ओढणाऱ्या तरुण स्त्रीत फुप्फुसभर पातळ भिंतींच्या सिस्ट दिसल्या तर लॅम. कुटुंबात कुणाला फुप्फुसाचा फायब्रोसिस, कमी वयात पांढरे झालेले केस, कारण न सापडलेला यकृताचा किंवा रक्ताचा आजार असेल तर टेलोमेअरशी संबंधित आनुवंशिक दोष मनात आणावा.

हे सगळं एका बैठकीत निघत नाही. दुसऱ्या दिवशी, शक्यतो घरातल्या दुसऱ्या माणसासमोर, तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.

पायरी ४: तपासणी

पेशंटला बसवून पाठीच्या अगदी तळाशी, काखेच्या मागच्या रेषेपर्यंत स्टेथोस्कोप न्यावा. श्वास आत घेण्याच्या शेवटच्या टप्प्यात वेल्क्रोची पट्टी सोडवल्यासारखी बारीक कोरडी चरचर येते. पेशंटला खोकायला सांगा. कफामुळे आलेला आवाज बदलतो, ही चरचर तशीच राहते. एचपीत मधूनच बारीक शिट्टीसारखा चिरका आवाजही येतो, तो ऐकू आला तर अवश्य लिहून ठेवावा.

मग हात बघा, आणि नीट बघा. नखांचं क्लबिंग, बोटांच्या कडांवर भेगाळलेली खरखरीत कातडी, सांध्यांवरचे जांभळट उंचवटे, घट्ट झालेली चकचकीत त्वचा, बोटांच्या टोकांवरचे बारीक व्रण. तळहातावर दुखऱ्या पुळ्या आणि झपाट्याने वाढणारी धाप एकत्र असतील तर अँटी-एमडीए५चा मायोसायटिस असू शकतो. त्यात स्नायू अगदी शाबूत आणि सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल असू शकतं. हा आजार आठवड्यांत जीव घेऊ शकतो.

स्थिर पेशंटचं सॅच्युरेशन बसल्या जागी आणि चालल्यावर, दोन्ही वेळा नोंदवावं. बसून ९६ आणि कॉरिडॉरमधून चालून आल्यावर ८६, हे आयएलडीत नेहमीचं आहे. चार्टवर फक्त ९६ लिहिलेलं असतं.

पायरी ५: एचआरसीटी आधी नीट मागवा, मग वाचा

मागणीपत्रावर नुसतं 'एचआरसीटी चेस्ट' लिहू नये. वय, धूम्रपान, संपर्क, संधिवाताची लक्षणं आणि तुमची शंका दोन ओळींत लिहावी. स्लाइस १.५ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, पूर्ण श्वास घेऊन, कॉन्ट्रास्टशिवाय. सोबत पालथं झोपवून आणि श्वास सोडून काढलेल्या प्रतिमा मागाव्यात. पालथ्या प्रतिमेत तळाची धूसरता गेली तर ती केवळ झोपण्यामुळे आलेली होती. श्वास सोडल्यावर निरोगी फुप्फुस करडं होतं, जे तुकडे काळेच राहतात तिथे हवा अडकलेली असते. श्वास सोडलेल्या प्रतिमा घेतल्या नाहीत तर एचपीचा निम्मा पुरावा हातचा जातो. धाप लागलेल्या पेशंटचा हललेला, अर्ध्या श्वासातला सीटी वाचून पॅटर्न ठरवू नये, प्रकृती सावरल्यावर पुन्हा काढावा.

वाचताना माझा क्रम ठरलेला असतो. आधी फायब्रोसिस आहे का ते बघायचं: ओढले जाऊन रुंदावलेले ब्राँकाय, म्हणजे श्वासनलिका (ट्रॅक्शन ब्राँकिएक्टॅसिस), मधमाशीच्या पोळ्यासारखी रचना (हनीकोंबिंग), घटलेलं आकारमान. मग तो कुठे आहे: वर की खाली, कडेला की मध्यभागी, पुढे की मागे. मग सोबतीला काय आहे: धूसर काच (ग्राउंड ग्लास, म्हणजे फुप्फुसावर धुकं आल्यासारखी छटा), गाठी, सिस्ट, काळे-करडे तुकडे. शेवटी फुप्फुसाबाहेर: लिम्फ ग्रंथी, अन्ननलिका, प्लुरा (फुप्फुसाचं बाहेरचं आवरण), फुप्फुसाच्या मुख्य धमनीची रुंदी.

यूआयपीमध्ये बदल तळाशी आणि प्लुरालगत जास्त असतात, हनीकोंबिंग असतं, सोबत ट्रॅक्शन ब्राँकिएक्टॅसिस असू शकतो आणि धूसर काच फार नसते. हनीकोंबिंग नाही पण बाकी सगळं तसंच आहे, तर 'प्रॉबेबल यूआयपी'. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने यूआयपी, प्रॉबेबल यूआयपी, अनिश्चित आणि पर्यायी निदान असे चार कप्पे केले. २०२२च्या सुधारणेनुसार बाकी गोष्टी जुळत असतील तर प्रॉबेबल यूआयपीलाही बायोप्सीची गरज नाही. हनीकोंबिंग फारच दाट असेल, वरच्या लोबच्या पुढच्या भागात असेल किंवा निरोगी भागापासून सरळ रेषेत तुटल्यासारखं दिसत असेल तर संधिवातजन्य कारणाकडे बोट जातं.

एनएसआयपीत धूसर काच आणि बारीक जाळी दोन्ही तळांना सारखी असते, आणि प्लुराला चिकटून असलेली अरुंद पट्टी बऱ्याचदा वाचलेली असते. ही वाचलेली पट्टी दिसली की स्क्लेरोडर्मा आणि मायोसायटिसचे प्रश्न पुन्हा विचारावेत. अन्ननलिका रुंदावलेली दिसली तर आणखीच.

एचपीत एकाच कापात तीन छटा दिसतात: धूसर भाग, निरोगी भाग आणि हवा अडकल्याने काळा पडलेला भाग. फायब्रोसिस नसेल तर श्वासनलिकांभोवती अंधुक बारीक गाठी दिसतात. फायब्रोसिस असेल तर तो मध्यभागी किंवा वरच्या भागात असू शकतो किंवा सगळीकडे विखुरलेला असू शकतो, तळाचा भाग तुलनेने वाचलेला असतो. पण काही फायब्रोटिक एचपी यूआयपीसारखीच दिसतात, तिथे सीटीपेक्षा तिसऱ्या पायरीवरचं उत्तर जास्त बोलतं.

ऑर्गनायझिंग न्यूमोनियाचे डाग कडेला किंवा श्वासनलिकांभोवती असतात, जागा बदलतात, कधी मधोमध धूसर आणि भोवती घट्ट कडं असं दिसतं. तीनदा अँटिबायोटिक देऊनही न हटलेल्या 'न्यूमोनिया'त हा विचार करायलाच हवा. सारकॉइडोसिसमध्ये गाठी लसिकावाहिन्यांच्या वाटेने, फिशर आणि ब्राँकायभोवती, वरच्या आणि मधल्या भागात असतात, सोबत दोन्ही बाजूंच्या हायलर ग्रंथी. सिलिकोसिसच्या गाठीही वरच येतात, कधी ग्रंथींच्या कडेला अंड्याच्या कवचासारखं कॅल्शियम जमलेलं असतं.

पायरी ६: रक्ततपासण्या

प्रत्येक नव्या आयएलडीत सीबीसी, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, ईएसआर, सीआरपी, सीके, आणि ऑटोइम्यून आजार शोधणाऱ्या एएनए, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या चाचण्या कराव्यात. खूण सापडली तर याच गटातल्या पुढच्या चाचण्या: ईएनए, मायोसायटिस पॅनेल, एएनसीए (रक्तवाहिन्यांच्या सुजेची). मायोसायटिस पॅनेल खर्चिक असतं, पण पेशंट झपाट्याने बिघडत असेल तर तिथे हात आखडू नये.

एएनएचा रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' म्हणून वाचू नका, टायटर (किती पातळ केल्यावरही चाचणी सकारात्मक राहते तो आकडा) आणि पॅटर्न बघा. वयस्कर लोकांमध्ये कमी टायटर सहज सापडतो. ऑटोइम्यून छटा असलेल्या आयएलडीसाठी २०१५च्या संशोधन-निकषांत १:३२० किंवा जास्त टायटर ग्राह्य धरला आहे, न्यूक्लिओलर किंवा सेंट्रोमिअर पॅटर्न असेल तर कुठलाही. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर नॉर्मलच्या दुप्पट तरी हवा. रक्तातलं एसीई हे एन्झाइम वाढलं म्हणजे सारकॉइडोसिस, हा समज सोडून द्यावा. वाढलेलं एसीई इतर आजारांतही सापडतं आणि सारकॉइडोसिस असूनही ते नॉर्मल असू शकतं.

पायरी ७: श्वासाच्या चाचण्या

एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा) कमी, एफईव्ही१-एफव्हीसीचं गुणोत्तर (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) नॉर्मल किंवा वाढलेलं, टीएलसी (फुप्फुसाची एकूण क्षमता) कमी, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) कमी, हे आयएलडीचं ठरलेलं चित्र. डीएलसीओ सगळ्यात आधी घसरतं, म्हणून नुसत्या स्पायरोमेट्रीवर समाधान मानू नये. सिगारेट ओढलेल्या माणसात वर एम्फिसेमा आणि खाली फायब्रोसिस असेल तर दोन्ही एकमेकांना झाकतात, एफव्हीसी जवळपास नॉर्मल आणि डीएलसीओ मात्र पार खाली. एफव्हीसी चांगलं असताना डीएलसीओ फारच कमी असेल तर पल्मनरी हायपरटेन्शनही (फुप्फुसाच्या धमनीतला वाढलेला दाब) शोधावं. चाचणी प्रकृती स्थिर झाल्यावरच करावी. ऑक्सिजनवर धापणाऱ्या पेशंटकडून काढलेले आकडे फाइल जाड करतात, बाकी काही नाही.

पायरी ८: ब्राँकोस्कोपी आणि बायोप्सी

प्रत्येकाला लागत नाही. यूआयपीचं चित्र, वय जुळतंय, संपर्क नाही, रक्त स्वच्छ, तर आयपीएफ म्हणायला तुकडा नको. ठसठशीत संधिवात असेल तरीही सहसा नको. मधल्या धूसर प्रदेशात बीएएल (ब्राँकोस्कोपने फुप्फुसात पाणी सोडून, ते परत ओढून तपासणं) उपयोगी पडतं. द्रवातल्या पेशींमध्ये लिम्फोसाइट २५ टक्क्यांवर असतील तर एचपी, सारकॉइडोसिस, सेल्युलर एनएसआयपी किंवा औषधाची प्रतिक्रिया, ५०च्या वर असतील तर विशेषतः एचपी किंवा सेल्युलर एनएसआयपी. इओसिनोफिल २५ टक्के किंवा जास्त म्हणजे जवळपास इओसिनोफिलिक न्यूमोनियाच. दुधासारखा गढूळ द्रव आला तर अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. एकामागोमाग भरलेल्या सिरिंजमध्ये रक्ताचा रंग गडद होत गेला तर वायुकोशांत रक्तस्राव. स्टेरॉइड सुरू करायच्या आधी बीएएल झालं तर या आकड्यांना अर्थ राहतो.

सारकॉइडोसिसमध्ये ईबसने (ब्राँकोस्कोपवरच्या सोनोग्राफीने) घेतलेला ग्रंथीचा नमुना आणि साधी ट्रान्सब्राँकियल (ब्राँकोस्कोपमधून घेतलेली) बायोप्सी बऱ्याचदा पुरते. फायब्रोसिसमध्ये असे चिमुकले तुकडे पुरेसे पडत नाहीत. तिथे क्रायोबायोप्सी (ऊतक गोठवून ब्राँकोस्कोपमधून घेतलेला मोठा तुकडा), आणि अनुभवी केंद्र असेल तर २०२२च्या मार्गदर्शिकेने तिला शस्त्रक्रियेचा पर्याय मानलं आहे, किंवा शस्त्रक्रियेने घेतलेली बायोप्सी. भरती पेशंटच्या संदर्भात एक तुलना लक्षात ठेवावी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आकडेवारीत नियोजित शस्त्रक्रिया-बायोप्सीनंतर रुग्णालयातला मृत्यूदर १.७ टक्के होता, तर तातडीने केलेल्या बायोप्सीत तो १६ टक्के. ऑक्सिजनवर असलेल्या, डीएलसीओ ४० टक्क्यांखाली गेलेल्या, पल्मनरी हायपरटेन्शन असलेल्या पेशंटचा तुकडा केवळ नाव कळावं म्हणून काढू नये.

पायरी ९: एकत्र बसणं

छातीचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट, ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि बायोप्सी असेल तर पॅथॉलॉजिस्ट, यांची एकत्र चर्चा हीच आयएलडीच्या निदानाची मान्य पद्धत आहे. सगळे एका खोलीत हवेतच असं नाही, स्क्रीन शेअर करून पंधरा मिनिटं पुरतात. मात्र व्हॉट्सॲपवर सीटीच्या प्लेटचा फोटो टाकून मत मागणं याला चर्चा म्हणत नाहीत.

चर्चेअंती नावासोबत खात्रीही लिहावी. प्रचलित पद्धतीत ९० टक्के किंवा जास्त खात्री म्हणजे पक्कं निदान, ५१ ते ८९ म्हणजे तात्पुरतं, आणि कुठलंच नाव ५० टक्क्यांपुढे जात नसेल तर 'अवर्गीकृत'. अवर्गीकृत लिहिण्यात कमीपणा नाही. तात्पुरत्या निदानावर उपचार सुरू करता येतात, तीन-चार महिन्यांनी प्रतिसाद बघून नाव बदलताही येतं.

पेशंट ऑक्सिजनवरच आला असेल तर

इथे वरचा क्रम मोडतो. पहिला प्रश्न: आधीचा आयएलडी आहे का? जुने सीटी मागवा, अगदी पोटाचा जुना सीटी असला तरी त्यात फुप्फुसांचा तळ दिसतो. माहीत असलेल्या आयपीएफमध्ये साधारण महिन्याभराच्या आत धाप वाढली, दोन्ही बाजूंना नवी धूसर काच किंवा कन्सॉलिडेशन (हवेऐवजी भरलेला घट्ट पांढरा भाग) दिसलं आणि हृदयाचा दोष किंवा अंगात साचलेलं पाणी यांनी त्याचा पूर्ण उलगडा होत नसेल, तर ते ॲक्यूट एक्झॅसर्बेशन, म्हणजे आजाराचा अचानक भडका. त्यात रुग्णालयातला मृत्यूदर निम्म्याच्या घरात जातो, हे नातेवाइकांशी पहिल्याच दिवशी बोलायला हवं, व्हेंटिलेटरचा प्रश्न दारात येऊन उभा राहिल्यावर नव्हे.

आधीचा आजार नसेल तर संसर्ग, औषध, वायुकोशांतला रक्तस्राव, ॲक्यूट इओसिनोफिलिक न्यूमोनिया, एमडीए५ आणि ॲक्यूट इंटरस्टिशियल न्यूमोनिया अशी यादी धरून चालावं. विषाणूंची पीसीआर, रक्ताचे कल्चर, न्यूमोसिस्टिसचा (प्रतिकारशक्ती घटल्यावर होणाऱ्या बुरशीच्या न्यूमोनियाचा) विचार (विशेषतः स्टेरॉइडवर असलेल्यांत), आणि एम्बोलिझमची (फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकण्याची) शंका असेल तर डी-डायमर नव्हे, थेट सीटी अँजिओ. ऑटोइम्यून नमुने स्टेरॉइडच्या पहिल्या डोसआधी काढून ठेवावेत, रिपोर्टची वाट बघत उपचार मात्र थांबवू नयेत. मूत्रपिंडाच्या चाचण्या आणि लघवीची सूक्ष्मदर्शक तपासणी याच दिवशी करावी, कारण एएनसीएचा आजार तिथे आधी बोलतो.

डिस्चार्ज कार्डावर काय हवं

नुसतं 'आयएलडी' पुरत नाही. पॅटर्न, चर्चेअंतीचं नाव आणि खात्री, संशयित संपर्क आणि तो बंद करण्याबाबत दिलेला सल्ला, एफव्हीसी आणि डीएलसीओचे आकडे तारखेसह, चालल्यावरचं सॅच्युरेशन, आणि सीटीची मूळ सीडी पेशंटच्या हातात. प्लेट नव्हे, सीडी. नंतर दुसऱ्या केंद्रात कुणाला वाचायची असेल तर प्लेटवरच्या छोट्या चौकटींतून काही कळत नाही.

हे आकडे पुढच्या तुलनेसाठी लागतात. २०२२च्या निकषांनुसार आयपीएफ सोडून इतर फायब्रोटिक आयएलडीत, वर्षभरात तीनपैकी दोन गोष्टी घडल्या तर त्याला प्रोग्रेसिव्ह पल्मनरी फायब्रोसिस म्हणतात: लक्षणं वाढणं, श्वासाच्या चाचणीत घसरण (एफव्हीसीत ५ किंवा डीएलसीओत १० टक्के गुणांची) आणि सीटीवर वाढ. तिन्हींसाठी दुसरं पटण्यासारखं कारण नसावं लागतं. अशा पेशंटमध्ये मूळ नाव काहीही असलं तरी फायब्रोसिस रोखणाऱ्या औषधाचा प्रश्न समोर येतो, आणि त्याचं उत्तर आज नोंदवलेल्या आकड्यांवरच ठरतं. पुढची तारीख तीन ते सहा महिन्यांची द्यावी, झपाट्याने बिघडलेल्यांना त्याहून आधीची.